समताचा चिनी तास

थायलंडच्या कॉलेजातल्या मुलांना चिनी बोलायला शिकवणारी मोताळा गावात एकटी धम्मशीलाच होती, आणि तिला ते एकटीच असणं आवडायचं. बँकॉकला चार वर्षं राहून तिने चिनी भाषेची पदवी घेतली होती. वडील आजारी पडले म्हणून ती परतली, तेव्हा तिथल्याच एका शिकवणी संस्थेने तिला ऑनलाइन तास दिले.

विद्यार्थी वाढले. संस्थेने आणखी कोणी सुचवा म्हटल्यावर तिनेच चुलत बहिणीचं नाव दिलं. समता डिप्लोमानंतर दोन वर्षं तैवानच्या कारखान्यात होती. चिनी ती तिथे नुसती ऐकून ऐकून शिकली होती. राहील आपल्या हाताखाली, असं धम्मशीलाला वाटलं होतं.

तीन महिन्यांत धम्मशीलाच्या अकरा विद्यार्थ्यांनी समताचा वर्ग मागून घेतला. त्यांच्यातली सगळ्यात हुशार मुलगी, प्लोय, तीसुद्धा गेली. समता भिंतीपलीकडेच राहायची. धम्मशीलाची आई कलाबाई म्हणाली, "तिकडून कसा हसण्याचा आवाज येते वं! तुह्या पोट्ट्या काऊन गप्प असतात?"

धम्मशीलाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच दुपारी तिने चुका काढायला संस्थेच्या साइटवरची समताच्या तासांची रेकॉर्डिंग उघडली.

चुका सापडल्या. चिनीत 'शी' म्हणजे दहा आणि 'सी' म्हणजे चार. थाई मुलांना 'श' जड जातो, आणि इथे बाईच दहाला चार म्हणत होत्या! धम्मशीलाने सतरा चुका मिनिटांसकट टिपल्या.

पण ऐकता ऐकता तिला दुसरंही कळलं. समता फारशी बोलतच नव्हती. तिने प्लोयला चिनी भाजीवालीचं बोलणं ऐकवलं आणि भाव विचारायला लावला. प्लोय अडखळली. समता थांबून राहिली. शेवटी प्लोयने आख्खं वाक्य म्हटलं. आपण पहिल्याच शब्दाला टोकलं असतं, हे धम्मशीलाला कळलं आणि फार झोंबलं. तरी तिने संस्थेला तक्रारीचा मेल पाठवलाच.

दोन दिवसांनी समता दारात उभी राहिली.

"ताई, तुहा मेल त्यायनं मलेच पाठवला. सतराही चुका खऱ्या हायेत. पण मले काऊन नाही सांगतल्या?"

धम्मशीलाला सबबी दोन-चार सुचल्या, पण तोंडातून खरंच निघालं. "प्लोय तुह्याकडे गेली ना, ते मले सहन नाही झालं."

समताने डोळे पुसले. "आठ दिवसांत उच्चार सुधारले नाही तर वर्ग बंद करतो म्हणतात. शिकवतं का मले?"

नीट शिकवलं नाही, तर अकराही मुलं परत येतील. हा विचार धम्मशीलाच्या मनात आला, आणि तो आला याची तिला लाज वाटली. आठही दिवस तिने समताला समोर बसवून उच्चार घोटून घेतले. संस्थेने परीक्षा घेतली, समता पास झाली. प्लोय परतली नाही.

पुढच्या आठवड्यात धम्मशीलाच्या तासाला नोक नावाची लाजाळू मुलगी मध्येच अडली. धम्मशीलाने या वेळी न टोकता जीभ दाताखाली धरली. वर्षभरात कधी धड न बोललेली नोक पाच वाक्यं सलग बोलून गेली.

हे समताला जाऊन सांगावं असं धम्मशीलाला वाटलं. ती चपला घालून अंगणापर्यंत गेलीही. पण तिथूनच मागे फिरली. तेवढं मोठं मन तिचं अजून झालं नव्हतं.