तीन ठोके

दुपारी एकला मी संग्रहालयातून घरी फोन करते. रोज तेच ऐकू येतं: ठमीचं रडणं, मग ठक, ठक, ठक. आणि रडणं एकदम बंद.

“काय आपटलंत, आई?”

“काही नाही गं. तू तुझी खापरं सांभाळ.”

आठ महिन्यांचं पोर असं बटण दाबल्यासारखं गप्प होतं? नवरा म्हणाला, “सुतावरून स्वर्ग गाठू नकोस.” त्याची आई, तो असंच म्हणणार. मी मात्र ठरवलं, काही वेडंवाकडं दिसलं तर नोकरी सोडायची.

समोर उत्खननाची रेखाटनं होती. तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक उंबरठ्यावर, डाव्या कोपऱ्यात तीन खळगे. साहेबांनी पाटीवर लिहून टाकलं होतं: ‘धार्मिक खुणा’. “देवता कुठली, तेवढं शोधायचंय,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घरी न सांगता अर्धी रजा टाकली आणि हळूच कुलूप उघडलं. सासूबाई पाळण्याशी उभ्या होत्या, हातात बत्ता! मी धावत जाऊन ठमीला उचललं.

“अगं, चोर शिरला की काय! जीव गेला असता माझा!”

“बत्ता कशाला?”

“पाळण्याचा खिळा वर यायचा, तो ठोकून बसवायचे. पहिल्याच दिवशी तिसऱ्या ठोक्याला ही गप्प झाली.”

मी वाकून पाहिलं. खिळा नव्हताच. नवऱ्याने महिन्यापूर्वीच स्क्रू बसवला होता.

“मग आता कशाला ठोकता?”

“आणि नाही झोपली तर? तू येणारेस ऑफिसातून?”

दुसऱ्या सकाळी संग्रहालयात सगळ्यात खालच्या, म्हणजे सगळ्यात जुन्या थराचं रेखाटन बाहेर काढलं. तिथे एकच घर. दाराचा खुंटा ज्यात फिरायचा तो डावीकडचा दगड फुटलेला, भोवती वेड्यावाकड्या घावांची गर्दी. कुणीतरी निसटणारं दार रोज ठोकून बसवत असणार. वरच्या थरांत दगड धडधाकट, तरी खळगे आहेतच. नीटनेटके, मोजून तीन.

“म्हणजे देवता नव्हतीच?” साहेबांचा चेहरा पडला.

“आधी दार निसटत होतं, साहेब. देवता मागून आली असेल.”

एक वाजला. फोन लावला. ठमी रडत होती. ठक. ठक.

तिसरा येईना. आई कुठे गेल्या? बत्ता निसटला? ठमी रडतेच आहे.

साहेब बघत होते, तरी तिसरा मीच टेबलावर मारला.