दोनशे अडतीस

अवधूतला कन्नड येतं, असं अवधूतला वाटायचं. पुण्याहून या कन्नड मुलखात येऊन तीन वर्षं झाली होती, रिक्षावाल्याला "स्वल्प मुंदे" म्हणून दोन घरं पुढे न्यायला जमत होतं, आणि तेवढ्यावर स्वारी खूश होती. नोकरी आयटीतली, पण शनिवारी तो बसवनगुडीत श्यामलाअक्कांच्या घरी जाऊन त्यांच्या पक्षीगणनेचे तक्ते भरायचा.

अक्का इथल्या जुन्या मराठी घरातल्या, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. नऊ वर्षं त्या एकाच पाखराच्या मागे होत्या. शेवाळी कस्तूर. चिकमगळूरकडच्या उंच डोंगरात, घळींतल्या दाट रानात राहणारा मुठीएवढा पक्षी. त्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं. जागतिक यादीत तो नुसता 'असुरक्षित' होता. जगात प्रौढ पक्षी अडीचशेहून कमी उरलेत असं दाखवता आलं, तर तो 'संकटग्रस्त' ठरणार होता, आणि त्याच्या रानातून जाऊ घातलेला रस्ता अडवायला हातात एक कागद येणार होता. तक्ता पाठवायची मुदत आज दुपारी चारला संपत होती. पुढचा फेरविचार पाच वर्षांनी. तोवर रस्ता होऊन त्यावर चहाच्या टपऱ्याही लागल्या असत्या.

अवधूतच्या तक्त्याची बेरीज होती दोनशे अडतीस.

"बारा कमी!" तो म्हणाला. "अक्का, जिंकलो आपण!"

"थांब रे, उतावळा नवरा. सगळं एकदा ऐकू दे मला." साडेतीन वाजले होते. अक्कांनी रघुपतीचे आवाजी निरोप लावले. रघुपती म्हणजे त्या डोंगरातला त्यांचा माणूस. पूर्वेची उतरण इतकी उभी, की तिथे त्याच्याशिवाय कुणी गेलंच नव्हतं. जळवांना रक्त पाजत पाच दिवस फिरून त्याने निरोप पाठवले होते, आणि अवधूतने ते ऐकून तक्त्यात भरले होते.

एका निरोपाशी अक्का थांबल्या. पुन्हा लावला. पुन्हा.

"पूर्वेच्या उतरणीला तू शून्य का लिहिलंस?"

"तिथे पक्षी नाहीतच. तो अकरा गुडी आहेत म्हणतोय. देवळं. असतील दगडधोंडे शेंदूर फासलेले. देवळांचा आपल्याला काय उपयोग, म्हणून मी ती ओळ काढून टाकली."

"अय्यो देवा!" अक्कांनी कपाळाला हात लावला. "गुडी नाही रे बाबा, गूडु! हन्नोंदु गूडु! दर शनिवारी बसवनगुडीला उतरतोस म्हणून तुला सगळीकडे देवळंच दिसतात काय? गूडु म्हणजे घरटं. अकरा घरटी आहेत तिथे!"

अवधूतचं तोंड खर्रकन उतरलं. अकरा घरटी, बावीस पक्षी. दोनशे अडतीस अधिक बावीस, दोनशे साठ. अडीचशेच्या वर दहा.

बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. पावणेचार वाजायला आले.

"अक्का," अवधूत म्हणाला, "हा निरोप आपण दोघांनीच ऐकलाय. तक्त्यात शून्य आहे, ते शून्यच राहू दे. कुणाला कळणार नाही. आणि हे आपण पाखराच्याच भल्यासाठी करतोय ना?"

अक्का त्याच्याकडे रागाने बघतील असं त्याला वाटलं. पण त्या बघेचनात, आणि त्याला त्याचीच जास्त भीती वाटली.

"रिकामी असतील," त्या हळूच म्हणाल्या. "गेल्या वर्षीची जुनी. रिकामी असतील तर मोजायची नाहीत. लाव फोन रघुपतीला."

डोंगरात रेंज लागेना. एकदा, दोनदा, पाचदा. आठ मिनिटं उरली असताना रघुपतीने फोन उचलला, आणि अक्कांनी स्पीकरवर कन्नडमध्ये विचारलं, घरटी रिकामी होती का रे?

रघुपती खो खो हसला. रिकामी कशी असतील, अक्का? प्रत्येक घरट्यावर नर-मादी दोन्ही आपल्या डोळ्यांनी पाहिलेत. अकराच्या अकरा भरलेली. चारांत तर पिल्लं चोची वासून बसलीत! त्याला बोलताना धाप लागत होती. इतकी घरटी एकत्र त्याने जन्मात पाहिली नव्हती. मग त्याने अवधूतला हाक मारली.

"खुशी आयता, सार?"

आनंद झाला ना, साहेब? एवढं कन्नड अवधूतला नक्की कळत होतं. बावीस पाखरं जिवंत आहेत याचं त्याला वाईट वाटत होतं! स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"हौदु," तो कसाबसा म्हणाला. हो. त्याने फोन ठेवला.

अक्कांनी संगणक आपल्याकडे ओढला. शून्य खोडून त्यांनी तिथे बावीस लिहिले.

"नऊ वर्षं ही पाखरं जगावीत म्हणून मी देवाला हात जोडतेय," त्या म्हणाल्या. "आणि आत्ता फोन वाजत होता तेव्हा काय म्हणत होते ठाऊक आहे? देवा, रिकामी निघू देत. एकही पाखरू नको राहू देऊस तिथे. असं म्हणत होते रे मी!"

अवधूतलाही तेच हवं होतं.

तीन वाजून छप्पन मिनिटांनी तक्ता गेला. आता जगात शेवाळी कस्तूर दोनशे साठ होते, आणि त्यांच्या रानातला रस्ता अडवायला कुणाच्याही हातात काही नव्हतं.