एकसष्ट मीटर

माझे सासरे नाकावर माशी बसू देत नाहीत, आणि बसलीच तर डाव्या नाकपुडीपासून किती मिलिमीटरवर बसली हे सांगतील. आयुष्यभर सर्वेक्षण खात्यात त्यांनी जमीन, डोंगर आणि पाणी मोजलं. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तरी घरात नवं कपाट आलं की आधी त्यांची टेप निघते. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मला डोंगरातल्या तळ्याची गोष्ट ऐकायला मिळाली. त्यानंतर ती कितीदा ऐकली, हे मोजायला मात्र कुणी बसलं नाही.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी त्या तळ्याची खोली मोजायला खात्याने दोघांना पाठवलं, सासरे, म्हणजे आमचे बाबा, आणि त्यांचा मित्र मिशाळ. मिशाळ हे अर्थात मिशांवरून पडलेलं नाव. दोघांच्या होड्या वेगळ्या, दोर वेगळे. दोराला खाली शिशाचं वजन आणि दर मीटरला कापडाची खूण. तळ्यातल्या सगळ्यात खोल जागी बाबांना एकसष्ट मीटर मिळाले, मिशाळांना अठ्ठावन्न. साहेबांनी पुन्हा मोजायला लावलं. बाबांचं दर वेळी एकसष्ट. मिशाळांचं कधी अठ्ठावन्न, कधी साडेसत्तावन्न. साहेबांनी एकसष्टचा आकडा उचलला, आणि मिशाळांना नकाशे रंगवायला कचेरीत बसवलं ते कायमचं. गोष्टीच्या शेवटी बाबा हसून म्हणायचे, "मिशाळ डुलक्या काढत मोजत होता." मग आम्हीही हसायचो.

आता त्या तळ्याभोवती मोठं उद्यान झालंय. पायवाटा, भाड्याच्या होड्या, तंबू ठोकायला जागा आणि मोजणीवाल्यांच्या जुन्या छावणीत एक छोटं संग्रहालय. तिथल्या भिंतीवर 'खोली ६१ मीटर' असा फलक आहे, हे बाबांना कुणीतरी सांगितलं. झालं. बाबांना दुसरं काही सुचेना. "एकदा डोळ्यांनी बघतो, मग माझं काही मागणं नाही," असं रोज चहाबरोबर ऐकायला लागलं.

उद्यानाच्या वेळा बघायला मी फोनवर त्यांचं पान उघडलं आणि तिथे एक बातमी दिसली. नव्या यंत्राने मोजणी झाली होती. अठ्ठावन्न मीटर. फलक लवकरच बदलणार होता.

मी नवऱ्याला सांगितलं नाही, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. संग्रहालयात फोन लावला. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नवा फलक आलाय हो, पण रविवारपर्यंत लावत नाही. घेऊन या त्यांना." देवमाणूस. एका म्हाताऱ्या माणसाची आयुष्यभराची कमाई म्हणजे एक आकडा, तो मी एक दिवस तरी सांभाळणार होते.

तळं दिसलं आणि माझी बोलती बंद झाली, जी सहसा होत नाही. तिन्ही बाजूंनी डोंगर थेट पाण्यात उतरलेले, चौथ्या बाजूला हिरवळ. पाणी इतकं नितळ की काठापासून बरंच आतपर्यंत एकेक गोटा दिसत होता. एक बाई आपल्या साठीच्या आईला पोहायला शिकवत होती आणि आई सारखी, "सोडू नकोस गं," म्हणत होती. नवऱ्याने भाड्याची सायकल घेतली आणि तळ्याला प्रदक्षिणा घालायला निघून गेला. मला इतकं छान वाटत होतं की त्याच्यावर चिडायचंही राहून गेलं.

संग्रहालयात लाकडी वल्ही होती, बर्फावर चालायचे जाळीचे जोडे होते, पहिल्या विश्रामगृहाची घंटा होती. तळ्याचं पाणी खालच्या शहरात नेलं तेव्हाचे फोटो होते. नळापाशी बादल्या घेऊन उभ्या असलेल्या बायका सणाला आल्यासारख्या नटलेल्या. बाबा कशापुढेच थांबले नाहीत. थेट फलकापाशी गेले, चष्मा पुसला आणि वाचत राहिले. तीन ओळींचा मजकूर वाचायला त्यांना पाच मिनिटं लागली. मी आणि बाईंनी एकमेकींकडे पाहिलं. नवा फलक त्यांनी टेबलामागे भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. मनात म्हटलं, जिंकलं.

मग बाबा म्हणाले, "चल, होडीतून जाऊ. जागा दाखवतो तुला."

बाईंचा बंदोबस्त मी केला होता. नावाड्याचा करायला विसरले.

नावाडी चाळिशीतला, बोलका माणूस. मासे शोधायचं आणि पाण्याची खोलीही दाखवणारं एक छोटं यंत्र त्याने होडीला लावलं होतं. बाबांनी समोरचं शिखर आणि काठावरचा सुळका बघून होडी डावीकडे, थोडी मागे, पुन्हा डावीकडे घ्यायला लावली. सत्तेचाळीस वर्षांनी, नुसत्या नजरेने. मी बघतच राहिले.

"हीच ती जागा," बाबा म्हणाले.

"बरोबर बोललात काका," नावाडी खूश होऊन म्हणाला. "इथेच सगळ्यात खोल. हे बघा, अठ्ठावन्न."

मला वाटलं पाण्यात उडी मारावी. बाबा आधी हसले. "तुझं खेळणं बिघडलंय." मग म्हणाले, "पुन्हा ने." नावाड्याने चार वेळा त्या जागेवरून होडी नेली. चारही वेळा अठ्ठावन्न. बाबांनी होडी धक्क्याजवळच्या उथळ पाण्यात घ्यायला लावली, वल्हं तळापर्यंत सोडलं, ओल्या खुणेपर्यंत वितीने मोजलं आणि यंत्राशी ताडून पाहिलं. जुळलं. आणखी दोन ठिकाणी तेच केलं. जुळलं. शहात्तराव्या वर्षी बाही खांद्यापर्यंत भिजवून तो माणूस स्वतःच्याच विरुद्ध पुरावा गोळा करत होता, आणि त्यात तसूभरही कसूर करत नव्हता. इतकी वर्षं मला राग यायचा तो त्यांच्या याच स्वभावाचा. त्या क्षणी वाटलं, पाया पडावं.

होडीच्या टोकाचा ओला दोर त्यांच्या हाताशी होता. तो त्यांनी दाबला, पीळ बघितला.

"दोर भिजवला नव्हता," ते म्हणाले.

"काय बाबा?"

"तागाचा दोर पाण्यात आखडतो. म्हणून रात्रभर भिजवायचा, ताणायचा आणि ओला असतानाच खुणा बांधायच्या. हा नियम. मला दोर सकाळी मिळाला आणि साहेब दुपारी यायचे होते. मी अंगणात कोरडाच मोजला, लाल कापडाच्या सुरेख खुणा बांधल्या. पाण्यात गेल्यावर तो आखडला. खूण एकसष्टची, दोर उरला अठ्ठावन्न." थोडं थांबून म्हणाले, "म्हणून दर वेळी तेच उत्तर आलं. मी त्यालाच पुरावा समजलो."

"जाऊ द्या ना बाबा. तीन मीटरने काय होतंय?"

"तीन मीटर पाण्यात तू उभी बुडशील," ते म्हणाले. "आणि मिशाळ कचेरीत बसला तो त्याच तीन मीटरमुळे. साहेबांसमोर मीच म्हणालो होतो, याच्या हाताला तळ कळत नाही. त्याने एक दिवस थांबून दोर भिजवला होता, तेही मी पाहिलं होतं. म्हटलं, वेळकाढूपणा."

हे गोष्टीत कधीच नव्हतं. मग मीही कबूल करून टाकलं की मला आकडा आठवडाभर ठाऊक होता आणि मी फलक लपवायला लावला होता. वाटलं, आता बोलणी बसणार. बाबा म्हणाले, "प्रेमाने केलंस, पण पुन्हा करू नकोस."

संग्रहालयात परत येऊन त्यांनी बाईंना सांगितलं, "नवा फलक आजच लावा. आणि खाली लिहा, ही खोली सत्तेचाळीस वर्षांपूर्वी एका माणसाने बरोबर मोजली होती. त्याचं नाव मी देतो." मग माझ्याकडे वळले. "मिशाळला फोन लाव."

मी नंबर फिरवला आणि फोनचा आवाज मोठा केला. लग्नकार्यापलीकडे दोघांचं बोलणं उरलं नव्हतं. पलीकडे मिशाळकाका आले. काकू बऱ्या आहेत का वगैरे चौकशा मी सुरू करणार, तेवढ्यात बाबांनी फोन हातातून घेतला.

"मिशाळ, मी तळ्यावरून बोलतोय. तुझं अठ्ठावन्न बरोबर होतं. मी चुकलो होतो."

"काय? ऐकू येत नाही."

बाबांनी फोन तोंडाजवळ धरला. "तुझं अठ्ठावन्न बरोबर होतं. मी दोर भिजवला नव्हता."

"अरे, मोठ्याने बोल जरा."

ओल्या कपड्यांतली पोरंबाळं, हातात बूट धरलेली जोडपी, सगळं संग्रहालय आमच्याकडे बघायला लागलं. ज्यांनी घरात कधी, "मीठ जास्त पडलं असेल माझ्याकडून," एवढंही कबूल केलं नव्हतं, ते माझे सासरे ताठ उभे राहिले आणि ओरडून म्हणाले, "मी चुकलो होतो. तुझ्यावर खोटा ठपका ठेवला. मला माफ कर."

मला वाटलं, फोन कट झाला.

"पहिल्यांदाच ऐकू आलं होतं रे," मिशाळकाका म्हणाले. "पण इतकी वर्षं वाट बघितली. एकदा ऐकून कसं भागेल?"