प्रत्येक फेरीला तेच गाव

ध्रुवावरून फिरण्यातली अडचण तूरिडला दुसऱ्या दिवशी कळली. इतर अंतराळयानं एखाद्या गावावरून कधीमधी जातात. हे यान दोन्ही ध्रुवांवरून फिरत होतं, म्हणजे दर दीड तासाने उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरच्या तिच्या गावाच्या, लाँगयरब्यनच्या आकाशात येणं आलं. आणि खाली शाळेतल्या रेडिओवर म्हातारा वाटाड्या हालवर मुलांबरोबर बसलेला असे.

"काय बाईसाहेब, उलट्या थांबल्या का?" त्याने पहिल्याच फेरीला विचारलं. वर्ग खिदळल्याचं यानात चौघांनाही ऐकू आलं. मोहिमेचा खर्च उचलणारा जहाजमालक बेंडिकही हसला.

बर्फावर मुरलेलं एक माणूस बरोबर हवं म्हणून बेंडिकने आधी हालवरलाच निवडलं होतं. स्वालबार्डच्या वाटाड्यांत त्याच्याइतका जुना कोणी नाही. तूरिड त्याच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे राखीव म्हणून तिचं नाव होतं. पुढे हालवरने आपण माघार घेतल्याचं गावात सांगितलं. वेळेत मागे फिरण्यात लाज नाही हे तिथे लहानपणीच शिकवतात. कोणी खोदून विचारलं नाही. उलट कुत्र्यांच्या गाड्यांसाठी त्याच्याकडे येणारी गिऱ्हाईकं वाढली.

तो माघारी फिरला नव्हता, त्याला काढलं होतं. सरावासाठी सगळे हिमनदीवर गेले असताना त्याच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली. स्टोव्ह पेटवायला काडी ओढता येईना. "ओढ गं तू, म्हातारा झालो," असं म्हणून त्याने काडेपेटी तूरिडकडे दिली. संध्याकाळी तंबूत नेहमीची फेरी झाली. दिवसभरात काय खुपलं ते प्रत्येकाने तिथेच, ज्याचं त्याच्या तोंडावर सांगायचं; तंबूत गिळलेलं मागाहून पाठीमागे बोलायचं नाही. तूरिडने आपले बूट ओले झाल्याचं सांगितलं.

परतल्यावर तिने मोहिमेच्या डॉक्टरला फोन करून बोटांचं कळवलं. डॉक्टरने विचारलं, हालवरशी बोललीस का? ती हो म्हणाली. बोलली नव्हती.

मोहिमेचा नियम सरळ होता. दुखणं आपणहून सांगणाऱ्याला उपचार आणि फेरतपासणी. लपवणाऱ्याची जागा गेली. सहकाऱ्याने हटकूनही हा गप्प राहिला, असं डॉक्टरने धरलं आणि त्याची जागा तूरिडला मिळाली. हालवरला कळलं ते एवढंच की कोणीतरी कळवलं.

फोन त्याच्या जिवासाठी केला की यानातल्या खुर्चीसाठी, यावर तूरिडने स्वतःशी पुष्कळ वाद घातला होता. त्या 'हो'बद्दल वाद घालायला जागाच नव्हती. आता ते सांगावं तर रेडिओ उघडा. अख्खं गाव ऐकत होतं. तिने कबुली दिली की हालवरची माघार खोटी ठरणार. मग ती बर्फाचे रंग सांगे, अन्न कसं तरंगतं ते सांगे आणि यान क्षितिजाआड जायची वाट पाहत राही.

शेवटच्या दिवशी हालवर म्हणाला, मुलांना मी तंबूतली फेरी शिकवली आहे. तेव्हा आज यानातल्यांनीही सांगावं. बेंडिकला झोपेची पिशवी खुपली होती. मग तूरिडची पाळी आली.

"हिमनदीवर मला एक बोलायचं होतं," ती म्हणाली. "मी बुटांचं बोलले."

वर्गात कोणाला काही कळलं नाही.

"आणि मग दुसरीकडे बोललीस," हालवर म्हणाला.

"हो. तुझ्याशी आधी बोलले, असंही तिथे सांगितलं."

हे त्याला नवीन होतं. तो काही विचारणार तोवर यान क्षितिजाआड गेलं.

पुढचा दीड तास तूरिड खिडकीपाशी गेली नाही. बेंडिकने हे बुटांचं काय प्रकरण म्हणून विचारलं. ती म्हणाली, आमचं आपसातलं आहे. पुन्हा गाव आलं तेव्हा हालवरने थट्टा केली नाही.

"नियम तुला माहीत होता का गं? आपणहून सांगणाऱ्याचा?"

नव्हता, असं म्हणता आलं असतं. खाली ते कोणी पडताळलं नसतं. बेंडिक तिच्याकडे पाहत होता.

"माहीत होता," ती म्हणाली.

"बरं."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग शिक्षिकेचा आवाज आला. हालवर कुत्र्यांना खायला घालायला गेलेत, पहिलीतल्या मुलांना विचारायचंय की वर झोपताना डोकं कुठे ठेवतात?

तूरिडने सांगायला सुरुवात केली. यान आत्ता कुठे डोक्यावर येत होतं; क्षितिजाआड जायला अजून वेळ होता.