पायाळूची लाथ

हेंद्रेपाड्यात कुणाच्या कमरेत उसण भरली, की तो आधी अक्षदाच्या दारात. अक्षदा पायाळू, आईच्या पोटातून पायांकडून जन्मलेली. आणि पायाळूने कमरेवर डाव्या पायाने तीन लाथा मारल्या की उसण पळते, यावर अख्ख्या पाड्याचा भरवसा. अक्षदाचा स्वतःचा काडीचा नव्हता. उसण चार दिवसांत तशीही जाते, नाव मात्र लाथेचं होतं. पण वडिलांना नाही म्हणणं तिला कधी जमलं नाही. गेला महिनाभर हिंदुराव रोज सकाळी ओटीवर पालथे पडत, ती हळूच पाय लावी आणि ते म्हणत, "मोकळं वाटलं बघ."

त्या सोमवारी ते नाक्यावरून आले ते डावा पाय फरफटत. चप्पल दर चार पावलांनी निसटत होती.

"बाबा, पायाला काय झालं?"

"त्या उल्हासनगरवाल्यानं केलं. कंबर पार कडाकडा मोडलीन माझी."

उल्हासनगरवाला म्हणजे विक्रांत, कायरोप्रॅक्टर. मणके हाताने दाबून, वाजवून जागेवर आणणारा. हिंदुराव आधी अंबरनाथला हाडांच्या डॉक्टरकडे गेले होते. त्या शहाण्याने मान वर न करता कागद खरडला, कमरेला बोटसुद्धा लावलं नाही, म्हणून हे चिडून आले. मग मोबाइलवर विक्रांतचे व्हिडिओ बघून एकटेच त्याच्याकडे गेले. एकाला हात लावायचा कंटाळा आणि दुसऱ्याला हाडं वाजवायची हौस! अक्षदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने स्कूटी काढली ती थेट उल्हासनगरला थांबवली.

"माझ्या बापाचा पाय गेला तर तुझं हे दुकान फोडीन," दारातूनच ती ओरडली. बसलेले पेशंट उठून उभे राहिले.

विक्रांतने नाव विचारलं, कपाटातून फाइल काढली आणि तिच्यापुढे उघडून धरली.

"ताई, मी काकांना हातच लावला नाही. पायाचा अंगठा वर उचला म्हटलं, त्यांना उचलता येईना. ऐसे केस में मी मणक्याला टच करत नाही. नस दबली असेल तर माझा एक झटका आणि माणूस कायमचा खाटेवर. लिहून दिलं, आजच एमआरआय काढा, सर्जनला दाखवा. ही बघा काकांची सही."

अक्षदाने सही ओळखली.

"अंबरनाथच्या डॉक्टरांनी पण तेच लिहिलंय. काकांनीच मला तो कागद दाखवला," विक्रांतचाही आवाज आता चढला. "दोघं एकच सांगतोय, ताई. मी लिहून देऊन पंधरा दिवस झाले! काका म्हणाले, घरात पायाळू पोरगी आहे, ती बरं करते. ती कोण, तुम्हीच का?"

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, कारण तो खरं बोलत होता. रोज सकाळी बापाला मोकळं वाटत होतं, म्हणून बाप कुठे जात नव्हता. थोतांड आहे हे तिला ठाऊक होतं आणि तरी ती रोज पाय लावत होती. परतताना अंबरनाथ कधी मागे गेलं तिला कळलं नाही. राग कुणाकुणावर काढायचा, याची यादी तिच्यापाशी येऊन संपत होती.

हिंदुराव ओटीवर पालथे पडलेले होते.

"खोटं का बोललात? दोघांनी लिहून दिलं, दोन्ही कागद दडवलेत!"

"चिरफाड नको गं मला," ते चटईत तोंड खुपसून म्हणाले. "तो भीमराव, कंबर कापून आला, उठला का परत? तुझ्या पायाला गुण हाय. मार तीन, की उठतो मी."

"गुण नाही माझ्या पायाला! कधीच नव्हता!" ती किंचाळली. आतून आई, कौसाबाई, धावत आली.

अक्षदाने ओढणीची पिन काढली, खाली बसली आणि वडिलांच्या डाव्या तळपायात टोचली. हिंदुराव हलले नाहीत. तिने पिन आणखी दाबली. रक्ताचा थेंब आला आणि टाचेकडे ओघळला. कौसाबाईने पदर तोंडात कोंबला.

"मार ना गं पोरी," हिंदुराव म्हणाले. "कधीची वाट बघतोय, बसलीस काय नुसती?"