क्षमेची चिठ्ठी

जवळ सरका, मागच्या बाकावरच्यांनीसुद्धा. ग्रीसमधल्या एपिरसच्या डोंगरातल्या इवांथियाची गोष्ट सांगतो. छोटीच आहे, पण जीव लावून ऐका.

चर्चच्या ओट्यावर बसून ती गेलेल्या माणसाच्या नावाने वाटायच्या उकडलेल्या गव्हाच्या ताटावर बदाम मांडत होती. नवरा, स्टाथिस, जाऊन आज चाळिसावा दिवस. गावचा दवाखाना बंद झाला होता. शहराच्या वाटेवर, टॅक्सीतच तो गेला.

खासदार थ्रासोस टाय सारखा करत आला.

"मावशी, फार वाईट झालं."

"बस. माझे अंजीर चोरायचास तेव्हासुद्धा तोंड एवढं पडलं नव्हतं तुझं."

तिने कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल पुढे केली.

"दवाखाना ज्यानं बंद केला त्याचं नाव लिही. बाप्तिस्म्याचं. आडनाव देवाला लागत नाही."

"कशाला?"

"त्याला क्षमा करायचीय. आपले पाद्री पापा-लाम्ब्रोस प्रार्थनेत नाव वाचतील. मनात अढी ठेवून प्रसाद कसा घेऊ? चाळीस दिवस झाले, घेतला नाही."

"सही मंत्र्यांची होती."

"त्यांना विचारलं. म्हणाले, देशाच्या कर्जाच्या अटी ब्रसेल्सहून आल्या. ब्रसेल्सला पत्र धाडलं. उत्तर आलं, निर्णय तुमच्या संसदेचा. संसद म्हणजे तूच की रे!"

"कराराची सहाशे पानं होती मावशी, वाचायला एक दिवस. नाही म्हटलं असतं तर बँका उघडल्या नसत्या."

"ती पानं लिहिली कुणी?"

"एकट्यादुकट्यानं नाही. समिती असते."

"बाप्तिस्मा झालाय का समितीचा?"

घंटा वाजली. थ्रासोस पाठ करून खांबाशी वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग चिठ्ठी चार घड्या होऊन आत, पाद्रींपुढच्या नावांच्या चिठ्ठ्यांत गेली. इवांथियाने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे टिपले. लिहिलं पोरानं, स्वतःचंच लिहिलं असणार. तिचं मन तेवढ्यानेच हलकं होऊ लागलं.

पापा-लाम्ब्रोस एकेक नाव गात होते. एका चिठ्ठीशी त्यांचा सूर थांबला. त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली, तीही कोरीच. मग पुढची चिठ्ठी उचलली.

प्रसादासाठी रांग लागली. थ्रासोसही त्या रांगेत उभा होता. इवांथिया जागची हलली नाही.

बाहेर येताच तिने गव्हाची वाटी त्याच्या हातात ठेवली.

"खा. स्टाथिससाठी."

समितीतली नावं मलाही ठाऊक नाहीत. पण स्टाथिसचं आता तुम्हालाही ठाऊक झालं. प्रार्थनेला बसाल तेव्हा तेवढं एक नाव घ्या.