चौकातला फ्लेक्स

श्रीगोंद्याच्या कबड्डी फायनलमध्ये आमच्या गावच्या पोरी दोन गुणांनी हरल्या. पण 'विजेत्या मुलींचे हार्दिक अभिनंदन' असा फ्लेक्स मी उतावळेपणानं आदल्या दिवशीच चौकात लावला होता.

"फक्रुद्दीनभाई, उतरवा तो. लोक हसत्यात," सकाळी गहिनीनाथ म्हणाला.

मी शिडी लावली, 'विजेत्या' एवढ्याच शब्दाला पांढरा रंग फासला आणि सैल झालेल्या दोऱ्या आवळल्या.

"हरल्यात त्या. मग अभिनंदन कशाचं?" त्यानं खालून विचारलं.

"पोरी पहाटेच परत मैदानात उतरल्यात," मी शिडीवरूनच म्हणालो. "तू निवडणुकीत पडून दोन वर्षं झाली. वेशीतल्या फ्लेक्सवर अजून 'भावी सरपंच' म्हणून हात जोडून उभा हायस. आधी तो उतरव."